लाभ, एक, दोन

अकरावीच्या पहिल्या चाचणीत मला गणितात पंचवीसपैकी चार मार्क मिळाले. त्यातले दोन सरांनी दयेपोटी दिले होते, हे मला पेपर हातात आला तेव्हाच कळलं. दहावीला मी गणितात शाळेत पहिली होते, आणि गावात माझी तेवढीच एक मिजास होती. घरात काही बोलायला गेलं की कुणीतरी "तू गप बस" म्हणायचं. गणिताच्या वहीत मात्र मला कुणी गप बसवू शकत नव्हतं. उत्तर बरोबर असलं की बरोबर, मग सांगणारी पोट्टी असो नाहीतर सरपंच. म्हणून मी सायन्स घेतलं, गणित ठेवलं, आणि जऊळक्याच्या रस्त्यावरून रोज सकाळच्या एसटीनं वाशीमला कॉलेजात जायला लागले. आणि पहिल्याच झटक्याला चार मार्क.

धडा होता परम्युटेशन-कॉम्बिनेशनचा, म्हणजे मोजण्याचा. इतकी माणसं, इतक्या खुर्च्या, किती तऱ्हांनी बसतील. या शब्दाची अक्षरं किती तऱ्हांनी मांडता येतील. दहावीपर्यंत आकडे आयते मिळायचे, आपण नुसती आकडेमोड करायची. इथे आधी मोजायचं होतं, आणि माझं नेमकं तिथंच बिनसत होतं.

सर वाशीमचेच, बुटके, आवाज मात्र वर्गाबाहेर जाणारा. त्यांनी पेपर वाटून झाल्यावर मला उभं केलं.

"तुझी रीत सगळी बरोबर हाय," ते म्हणाले. "फक्त प्रत्येक उत्तर असं येते की जसा एक जण कमीच आहे. पाच अक्षरांचा शब्द दिला, तू चारांचा हिशेब केला. सात माणसं दिली, तू सहाच बसवले. एकदा चुकलं असतं तं समजलो असतो. सगळीकडं एकच कमी. हे काय हाय?"

मी पेपर उलटून पाहिला. सरांनी खिडकीकडे बोट केलं.

"त्या खिडकीचे गज मोज."

मी बोट दाखवत मोजले आणि म्हणाले, "सहा."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. गज सात होते. सर म्हणाले, "मोठ्यानं मोज." मी मोठ्यानं मोजायला लागले, आणि तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझं मोजणं माझ्याच कानांनी ऐकलं. लाभ, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

सगळा वर्ग हसला. शिरपूरकडची एक मुलगी माझ्या शेजारी बसायची, ती उठून म्हणाली, "सर, खळ्यावर धान मोजतेत ना, तवा पयल्या मापाले एक नाही म्हनत, लाभ म्हनतेत. पन लाभ म्हंजेच एक. लाभ, दोन, तीन. हे लाभ म्हनून परत एकपासून सुरू करते."

"आमच्या घरी असंच मोजतात," मी म्हणाले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"मंग तुमच्या घरी दरवर्षी एक पायली कोण नेते?" सरांनी विचारलं, आणि वर्ग पुन्हा हसला. "पोरी, तुझा लाभ तुझं नुकसान करून राह्यला. तो काढून टाक डोक्यातून. वार्षिकला ऐंशीत चाळीस पाडलेस तं बारावीले गणित ठेव. नाहीतर मुकाट्यानं गणित सोड आणि बायोलॉजीवर ये. मले तुझं वर्ष वाया घालवायचं नाही."

एवढं साधं होतं सगळं. ऐंशीत चाळीस, आणि त्यासाठी एक शब्द विसरायचा. मी एसटीत बसून सगळ्या रस्त्यानं मोजत आले. विजेचे खांब, पुढच्या बाकावरची डोकी, पाटीवरची अक्षरं. ओठ घट्ट मिटून "एक" म्हणायचं ठरवायची, पण आतून "लाभ" आधी येऊन बसलेला असायचा. उचकी थांबवायला जावं तसं झालं होतं. जितकं थांबवावं तितकं जास्त.

आता एक गोष्ट सांगते, जी मला त्या वर्षी कुणालाही सांगावीशी वाटली नाही. पुढच्याच आठवड्यात सरांनी, अजून शिकवलं नसताना, फळ्यावर एक प्रश्न टाकला. आजोबा, आई, वडील आणि दोन मुलं गोल टेबलाभोवती किती तऱ्हांनी बसतील? सगळ्या वर्गानं एकशेवीस लिहिलं. मी चोवीस लिहिलं.

सर माझ्या वहीकडे बघत राहिले. "हे कसं आलं?"

"मोजून," मी म्हणाले.

त्यांनी फळ्यावर गोल काढला. रांगेला पहिलं टोक असतं, गोलाला नसतं, असं समजावलं. सगळेच्या सगळे एकेक खुर्ची सरकले तरी गोल तसाच राहतो. म्हणून आधी एकाला एका जागी बसवून ठेवायचं आणि मग बाकीच्या चौघांना फिरवायचं. "ज्याले बसवून ठेवलं, त्याले मोजायचं नाही," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुझं रांगेतलं सगळं चुकते आणि गोलातलं न शिकवता बरोबर येते. अजबच हाय."

वर्ग तेव्हा हसला नाही. मला आठवतं, बाहेर ऊन कडक होतं, पंखा चालू होता आणि माझे हात गार पडले होते. ज्याला बसवून ठेवलं त्याला मोजायचं नाही. मी दर वेळी कुणाला बसवून ठेवत होते?

घरी आम्ही पाच जण. आई, बाबा, आत्या, मी आणि माझी धाकटी बहीण. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, नवऱ्यामागे आमच्याकडेच राहिलेली, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. रविवारी दुपारी आम्ही सगळे स्वयंपाकघरात गोल करून जेवत होतो. माझ्या डोक्यात तोच प्रश्न. बाबांपासून सुरुवात करून मी मनात मोजलं. लाभ, एक, दोन, तीन, चार. चार भरले. पुन्हा बहिणीपासून मोजलं. पुन्हा चार. पाच माणसं डोळ्यांसमोर भाकरी मोडताहेत आणि माझ्या मोजण्यात चारच. ज्याच्यापासून सुरुवात करावी तो गळून जात होता.

माझं बोट हललेलं आत्यानं पाहिलं.

"अवो माय! मानसं मोजून राह्यली काय तू?"

"गणित करते आहे, आत्या."

"गनित वहीत कर. धान मोजाचं, ढोरं मोजाची. खात्या ताटावरची मानसं मोजत नसतेत. कोनापासून मोजलं तू?"

शेवटचं बहिणीपासून मोजलं होतं. आई भाकरी उलटायला ताटावरून नुकतीच उठली होती, ती वळून माझ्याकडे पाहू लागली. रागावलेली नव्हती. काहीतरी विचारावं की नको, अशी तिची नजर होती. मग ती पुन्हा तव्याकडे वळली.

बुधवारी बहिणीला ताप भरला. टायफॉईड निघाला. पंधरा दिवस पोरगी गादीवर, डोळे खोल गेलेले.

मी सायन्सची विद्यार्थिनी होते. गावातल्या निम्म्या घरांत तेव्हा ताप होता, मी मोजो न मोजो तो येणारच होता. दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतात, हे प्रोबॅबिलिटीच्या धड्यात पहिल्या पानावर होतं. तरी मी त्यानंतर बहिणीपासून मोजलं नाही. आत्यापासून मोजलं. आणि दिवाळीच्या आधी आत्या अंगणात, रोजच्या अंगणात, सपाट जमिनीवर पडली आणि तिचं मनगट मोडलं.

मला रडू यायला लागलं ते तेव्हापासून. मला कुणाला मोजायचं नव्हतं, पण मोजणं थांबतच नव्हतं. प्रश्नांमागून प्रश्न, दिवसाचे चाळीस, आणि प्रत्येक प्रश्नात माणसं. दोघी बहिणी शेजारी बसणार नाहीत असे प्रकार किती? वडील कायम टोकाला बसतील असे किती? घरात जो समोरून जाई त्याला माझं डोकं त्या खुर्चीत बसवायचं. शेवटी मी ठरवलं, सुरुवात स्वतःपासून करायची. लाभ मी. मग बाकीचे एक, दोन, तीन, चार. जे काय व्हायचं ते माझं होऊ दे, म्हटलं. मोठी शूर होते ना.

मला ताप आला नाही. मी पडले नाही. झालं ते इतकं बारीक होतं की सांगितलं असतं तर लोक हसले असते. सरांनी हजेरी घेताना माझा नंबर गाळला, पुढचा घेतला. मी हात वर केला तर म्हणाले, "आज उशिरा आली काय?" मी पहिल्या तासापासून पहिल्या बाकावर होते. एसटीचा कंडक्टर शेजारणीला तिकीट देऊन माझ्यावरून पुढे गेला, दोन दिवस लागोपाठ. आत्यानं घरात कुणी नाही म्हणून बाहेरून कडी घातली, मी आतल्या खोलीत अभ्यास करत होते. मी हाका मारल्या. ती अंगणातच होती, पण बराच वेळ तिला ऐकू आलं नाही. आणि एका दुपारी आईनं ताटं घेतली, चार.

"आई, माझं?"

आईनं ताटांकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम उतरला. ती माझ्याजवळ आली, माझा दंड धरला, जोरात, दुखेल असा, आणि म्हणाली, "तू कोनापासून मोजून राह्यली?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. चाचणी, खिडकीचे गज, बहिणीचा ताप, आत्याचं मनगट. आईनं पाचवं ताट घेतलं, मला पुढ्यात बसवून वाढलं, आणि मी पोटभर जेवेपर्यंत उठली नाही.

तूर निघाली तेव्हा थंडी संपत आली होती. मळणी यंत्रानंच व्हायची, गोणपाटाचे कट्टे भरून बाजारात जायचे, पण घरच्या डाळीची तूर आई अंगणात पायलीच्या मापानं मोजून घ्यायची. हे काम आमच्याकडे आईचंच. इतरांच्या खळ्यावर पुरुष मोजतात. लहानपणापासून माझं काम कट्ट्याचं तोंड धरून उभं राहायचं, मान खाली घालून, दाणा सांडू नये म्हणून. माझं मोजणं मी तिथंच शिकले होते, पण कानांनी. आईचे हात मी कधी पाहिलेच नव्हते.

त्या दिवशी तिनं बहिणीला कट्टा धरायला लावला आणि मला म्हणाली, "तू अथी समोर बस. पाह्य."

दुपार होती. आत्या ओसरीवर, अजूनही न जुळलेला हात गळ्यात बांधून बसलेली. आईनं माप उचललं. ते ढिगात घातलं नाही. रिकामंच उचललं, आपल्या डाव्या बाजूला, जिथं नुसती सारवलेली जमीन होती, तिथं नेलं आणि हलक्या हातानं पालथं केलं.

"लाभ," ती म्हणाली.

मापातून काहीच पडलं नाही. तिचा हात त्या जागेवर तसाच थांबला. जमिनीपासून वीतभर वर, पंजा पसरलेला, एखाद्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. मग तिनं माप ढिगात घातलं, काठोकाठ भरलं, कट्ट्यात ओतलं आणि म्हणाली, "एक."

एक पायली कुणीच नेत नव्हतं. आईचं मोजणं कधी चुकलंच नव्हतं. तिचा लाभ रिकामा होता आणि मी तो आयुष्यभर भरलेल्या वस्तूवर ठेवत आले होते.

"तठी कोन हाय, आई?" मी विचारलं.

"तू पयली नाहीस वो," आई म्हणाली. "तुझ्या आंधी एक हाय."

"होती?"

"हाय."

आत्यानं ओसरीवरून तोंड फिरवलं. म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, एक माझी बहीण आणि मी सोडून. आईनं माप मांडीवर घेतलं आणि थोडक्यात सांगितलं. पहिली मुलगी झाली आणि आठ दिवस राहिली. "नाव ठेवाले चार दिवस बाकी होते. मी दवाखान्यातून रिकाम्या हातानं आलो तं अंगनात सोयाबीनचं खळं चालू होतं. मी दारात पाय ठेवाले अन् तुह्या बाबानं पयलं माप उचलाले एकच गाठ पडली. ते म्हनले, लाभ. मले तिचं दुसरं नाव कोनी दिलंच नाही. मंग मी तेच धरून ठेवलं. मोजाचं कामही मीच घेतलं. गडीमानसाच्या हातून लाभ भरला जाते, मले तो रिकामाच ठेवाचा होता."

नंतर ती म्हणाली, "तिच्यापासून मोजत जा. ती कुठी जात नाही, तिले काही होत नाही. मंग बाकीचे सगये भरतेत."

मी तिथंच मोजलं. आईच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून लाभ म्हणाले. मग आई एक, बाबा शेतात होते ते दोन, आत्या तीन, बहीण चार, मी पाच. पाच भरले. कितीतरी महिन्यांनी मी घरात होते. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले, आणि हसताना भीतीही वाटली, कारण सहावी कुणीतरी तिथं बसून माझ्याकडे बघत होती हे मी मान्य केलं होतं.

त्यानंतर माझी गणितं सुटायला लागली. प्रश्न वाचला की कागदाच्या डाव्या समासात, जिथं काही लिहायचं नसतं, तिथं पेनचं टोक टेकवायचं, मनात लाभ म्हणायचं, आणि मग माणसं, अक्षरं, चेंडू, काय असतील ते एकपासून मोजायचे. एकही चूक नाही. दुसऱ्या चाचणीत पंचवीसपैकी एकोणीस पडले. सर म्हणाले, "काढला ना लाभ डोक्यातून?" मी हो म्हणाले. मी खोटं फार सहज बोलते.

बहीण ठणठणीत झाली, आत्याचं मनगट जुळलं, कंडक्टर तिकीट द्यायला लागला. मी बाकावर डाव्या अंगाला जरा जागा सोडून बसायला लागले. शिरपूरकडची ती मैत्रीण एकदा म्हणाली, "कोनासाठी जागा धरून ठेवतं वो?" मी म्हणाले, "दप्तरासाठी." दप्तर माझ्या मांडीवर होतं. तिनं पाहिलं आणि पुढे विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसायला गेली.

मला वाईट वाटलं नाही, हेही सांगून टाकते. मला मोठी बहीण मिळाली होती. सकाळी गाडीत मी तिला मनातल्या मनात सूत्रं म्हणून दाखवायची. ती कधी उत्तर द्यायची नाही, पण मी चुकले की माझ्या डाव्या हाताला गार लागायचं, आणि मी थांबून पुन्हा बघायची. चूक सापडायची. यात गणित किती आणि मी किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

एकच प्रकार मी टाळत होते. गोल टेबल. गोलात आधी एकाला बसवून ठेवायचं असतं, आणि माझ्याकडे बसलेली आधीच कुणीतरी होती. तिला बसवलं की भोवतीचे पाचही जण फिरायचे आणि उत्तर चुकायचं. मी ती पानं उलटून पुढे जायची. पेपरात एखादाच येईल, म्हटलं, सोडून देऊ.

वार्षिक परीक्षा रामनवमीच्या दिवसांत आली. पोहऱ्याच्या यात्रेला निम्म्या गाड्या वळवलेल्या, उरलेल्या माणसांनी फुटायला आलेल्या. मी उभ्यानं वाशीमला पोचले. पेपर अकराचा. सुरुवात वाईट झाली, धडे दुसरेही होते आणि त्यांचा माझा अभ्यास कच्चा. अडीच तासांनी मी माझ्याच मार्कांची बेरीज केली, काटेकोर, स्वतःवर दया न करता. छत्तीस. एकच प्रश्न उरला होता, चार मार्कांचा. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

एक माणूस, त्याची बायको, त्याची बहीण आणि त्याच्या दोन मुली गोल टेबलाभोवती बसले आहेत. किती तऱ्हांनी?

मी प्रश्न तीनदा वाचला. पेपर सरांनी काढला होता, आणि सरांना माझ्या घरात कोण कोण आहे हे माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या डाव्या हाताला गार लागत होतं, एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखालच्या वर्गात.

पेनचं टोक आपोआप समासात टेकलं. लाभ बसली. मग एक, दोन, तीन, चार, पाच. पाच जण तिच्याभोवती फिरले आणि मी एकशेवीस लिहिलं. ते चूक आहे हे मला कळत होतं. टेबलाला खुर्च्या पाच होत्या. ती बसली तर आमच्यातलं कुणीतरी उभं राहणार होतं, आणि कुणीतरी उभं राहिलं की काय होतं हे मी पाहिलं होतं. चोवीस लिहायचं तर पाचही खुर्च्यांवर आम्ही पाचच हवे होतो.

सुटायला दहा मिनिटं होती. मला गणित हवं होतं. इतकं हवं होतं की त्यापुढे मला दुसरं काही दिसेना. मी मान खाली घातली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "ऊठ."

काही झालं नाही. मी पुन्हा म्हणाले, "ऊठ बाई. खुर्च्या पाचच आहेत."

"कोण बोलून राह्यलं?" पर्यवेक्षक बाई दारातून ओरडल्या.

मी आईला तिच्या जागी बसवून ठेवलं. बाकीच्या चौघांना फिरवलं. एकशेवीसवर काट मारली आणि चोवीस लिहिलं. समासात काहीही टेकवलं नाही. एक, दोन, तीन, चार, पाच, अशी जगातले सगळे लोक मोजतात तशी मी मोजून बघितली, आणि पाच भरले. डावा हात कोमट झाला होता, उजव्यासारखाच.

चाळीस पडले, बरोबर चाळीस. बारावीला मी गणित ठेवलं, पुढेही तेच केलं, आणि आता तोच धडा मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते. गोलाचं समजावताना कुणी मुलगी "ज्याला बसवून ठेवलं त्याचं काय?" असं विचारते, तेव्हा मी तिला पुढचं उदाहरण करायला सांगते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी पोहऱ्याच्या गर्दीत चेंगरत, घामानं निथळत चार वाजता घरी आले. खूश होते. फाटक उघडलं, चपला काढल्या. आई ओट्यापाशी होती, पाठ माझ्याकडे, चुलीवरचं काहीतरी ढवळत. मी वर्षभर रोज याच वेळी येत होते, आणि ती रोज न वळता नुसतं "हातपाय धू" म्हणायची.

तिचा हात थांबला. तिनं वळून पाहिलं नाही.

"एकटीच आली?" ती म्हणाली.

मी म्हणाले, "पोहऱ्याची गर्दी होती, आई. गाडीत जागा नव्हती."

तिनं चूल बारीक केली. पदराला हात पुसले. माझ्याजवळून जाताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, अगदी मायेनं, आणि म्हणाली, "असू दे. मांगच्या गाडीनं येईल ती."

आणि ती जाऊन फाटकाबाहेर रस्त्याकडे तोंड करून बसली. दिवस मावळेपर्यंत तीन गाड्या आल्या. प्रत्येक गाडी थांबली की ती उठून उभी राहायची. मी खिडकीतून बघत होते, आणि तिला खरं सांगायला माझे पाय उचलले नाहीत.